पहिल्या लेकराला थायरॉईड निघालं. दुसऱ्या बाळाची तपासणी कधी आणि कशी करायची?

पत्र : माझं वय २६. सासर बीड जिल्ह्यात, माहेर परभणी जिल्ह्यात. लग्न आत्याच्या मुलाशी झालं आहे, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. मोठा मुलगा ४ वर्षांचा. जन्मला तेव्हा छान गुटगुटीत होता. पण कावीळ महिनाभर उतरली नाही, शी ४-४ दिवसांनी व्हायची, बेंबी फुगायची. साडेचार महिन्यांचा असताना रक्त तपासलं आणि थायरॉईडची कमतरता निघाली. तेव्हापासून रोज गोळी चालू आहे. चालायला उशिरा लागला, बोलणं अजून तुटक आहे. आता मला सातवा महिना चालू आहे. मलाही लग्नानंतर थायरॉईड निघालं, ७५ ची गोळी घेते. सासरी म्हणतात, ग्रहणात भाजी चिरली म्हणून पहिल्याला असं झालं. दुसऱ्यालाही होईल का? कोणत्या बाळांना हा धोका जास्त असतो? बाळंतपण दिवाळीच्या आसपास माहेरी होणार आहे. दीड-दोन महिन्यांनी मालकांसोबत ऊसतोडीला जावं लागेल. तेव्हा काय करायचं?

उत्तर : ताई, ग्रहणाचा या आजाराशी काही संबंध नाही. ही गोष्ट घरात वाचून दाखवा, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याला घरातल्या सगळ्यांचा हात लागणार आहे. बाळाची थायरॉईड ग्रंथी गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तयार होते. जिभेच्या मुळाशी सुरुवात होऊन ती खाली सरकत गळ्याच्या पुढच्या भागात येऊन बसते आणि १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास आयोडीन ओढून घ्यायला लागते. या घडणीत जे बिघडतं, त्याला आईचं विळी हातात घेणं कारणीभूत नसतं.

दुसऱ्या बाळाला होईल का, याचं उत्तर तुमच्या मोठ्या मुलाच्या गळ्यात आहे. जन्मजात कमतरतेचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात ग्रंथी तयारच होत नाही, फार लहान राहते किंवा वाटेत जिभेखालीच अडकते. हा प्रकार जगभरात जास्त दिसतो, मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक असतो आणि बहुतेक वेळा घराण्यात पुन्हा येत नाही. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी जागेवर असते, कधी थोडी मोठीही असते, पण हार्मोन बनवण्याच्या साखळीतला एखादा दुवा जन्मापासून निकामी असतो. हा दोष आई आणि वडील या दोघांकडून एकेक आल्यावरच प्रकट होतो. दोघंही स्वतः धडधाकट असतात, त्यांना याचा पत्ताही नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता ४ मध्ये १ असते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एकाला झाला म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दर खेपेला पाटी कोरी.

नात्यातलं लग्न जोखमीच्या यादीत वर येतं ते याच कारणानं. आत्ये-मामे भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. मामा-भाचीच्या लग्नात ते प्रमाण चौथ्या हिश्शापर्यंत जातं. आजोबांकडून आलेला एकच दडलेला दोष दोन्ही बाजूंनी उतरून नातवात भेटण्याची शक्यता त्यामुळे वाढते. मराठवाड्यात अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. त्यातली बहुसंख्य मुलं निरोगी असतात, हेही खरं. लग्न मोडण्यासारखं किंवा कुणाला बोल लावण्यासारखं यात काही नाही. दोष आलाच असेल तर तो तुमच्याकडून अर्धा आणि तुमच्या मालकांकडून अर्धा आला आहे, एवढंच आत्यांना सांगा.

म्हणून बाळंतपणाच्या आधी, याच महिन्यात, मोठ्या मुलाच्या गळ्याची सोनोग्राफी करून घ्या. त्यासाठी त्याची गोळी बंद करावी लागत नाही, सुई नाही, भूल नाही. रिपोर्टमध्ये 'ग्रंथी जागेवर दिसत नाही' असं आलं, तर दुसऱ्या बाळाची जोखीम बरीच कमी आहे. 'ग्रंथी जागेवर आहे' किंवा 'मोठी आहे' असं आलं, तर तुमच्या बाबतीत ४ मध्ये १ हे गृहीत धरून चला. रिपोर्ट तुमच्या बाळंतपणाच्या फाईलला टाचून ठेवा. पुढची गर्भाची सोनोग्राफी करताना डॉक्टरांना मोठ्या मुलाचा आजार सांगा आणि बाळाच्या गळ्याशी सूज दिसते का, हे पाहायला सांगा. जागेवर असलेली पण हार्मोन न बनवणारी ग्रंथी कधी कधी पोटातच फुगलेली दिसते.

आता तुमच्या स्वतःच्या गोळीबद्दल. आईला थायरॉईड कमी असलं म्हणजे बाळालाही होतंच, असं बहुतेकांना वाटतं. ते तसं नसतं. मोठ्या बाईची कमतरता सहसा तिच्या शरीरानं स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार केलेल्या प्रतिद्रव्यांमुळे येते आणि त्यातली नेहमीची प्रतिद्रव्यं बाळाची ग्रंथी बंद पाडत नाहीत. काही थोड्या आयांमध्ये मात्र एका वेगळ्या प्रकारची प्रतिद्रव्यं असतात. ती वारेतून बाळात जातात आणि त्याच्या ग्रंथीवरचं कुलूपच अडवून धरतात. अशा बाळाची कमतरता प्रतिद्रव्यं ओसरेपर्यंत, म्हणजे ३ ते ६ महिने टिकते. त्या काळात बाळाला औषध हवंच असतं, नंतर ते थांबवता येतं. एकाच आईच्या पाठोपाठच्या मुलांना असं तात्पुरतं होऊ शकतं. तुमच्या मुलाची गोळी चौथ्या वर्षीही चालू आहे. पण ती कधी बंद करून पाहिलेली नसेल, तर त्याचा प्रकार तात्पुरता होता की कायमचा, हे अजून ठरलेलंच नाही. ही वेगळी प्रतिद्रव्यं म्हणजे 'टीएसएच रिसेप्टरची प्रतिद्रव्यं'; ती तपासायची का, असं डॉक्टरांना विचारा. टीएसएच म्हणजे ग्रंथीला काम करायचा मेंदूकडून येणारा हुकूम; ग्रंथी कमी पडली की तो वाढतो. एकदाच करायची तपासणी आहे.

ज्या आयांची थायरॉईड जास्त चालते आणि ज्या कार्बिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल घेतात, त्यांच्या बाळाची ग्रंथी जन्माच्या वेळी त्या औषधानं दबलेली असू शकते. पूर्वी जास्त थायरॉईडसाठी ऑपरेशन किंवा किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या आईच्या रक्तात ती खास प्रतिद्रव्यं नंतरही राहू शकतात. आज तिचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी बाळाच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

तुमच्या ७५ च्या गोळीत खंड पडू देऊ नका. पोटात असताना बाळाच्या मेंदूला थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनचा, बराच पुरवठा आईकडूनच होतो आणि गरोदरपणात गोळीची गरज साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. म्हणजे लग्नानंतर ठरलेला डोस आज पुरेसा असेलच असं नाही. शेवटची टीएसएच तपासणी कधी झाली ते पाहा. महिन्या-दीड महिन्याहून जुनी असेल तर उद्याच करा. आणखी एक चूक गावोगाव होते. थायरॉईडची गोळी, अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळालेली लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतलं जातं. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, ते अंगी लागत नाही. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्या आणि त्यानंतर ४ तास लोह-कॅल्शियम नको. बाळंतपणानंतरही गोळी चालू ठेवून अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

आयोडीनची कमतरता आणि आयोडीनचा अतिरेक, दोन्ही जोखमीच्या यादीत आहेत. गरोदरपणी आणि पाजताना रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात घरापर्यंत पोचल्यावर दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. गरोदर बाईला 'शुद्ध' म्हणून सैंधव मीठ देण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. त्यात आयोडीन नसल्यातच जमा असतं. लोणच्यासाठी आणलेलं साधं खडे मीठही रोजच्या भाजीला वापरू नका. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा आणि भाजी-वरण शिजत आल्यावर शेवटी टाका.

अतिरेक होतो तो औषधातून. नाळेवर लावायचं ते तपकिरी औषध, पोव्हिडोन आयोडीन, फार सहज वापरलं जातं. नवजात बाळाची कातडी पातळ असते, आयोडीन त्यातून आत शिरतं आणि बाळाची ग्रंथी काही काळ कामच थांबवते. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळात तर हे फारच लवकर होतं. नाळेला काहीही लावायचं नसतं. हळद नाही, राख नाही, तेल नाही, तपकिरी औषधही नाही. ती कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप गळते. टाक्यांची किंवा सिझरची जखम रोज याच औषधानं धुवायला सांगितली असेल, तर दुसरं काही चालेल का ते विचारा, कारण ते आईच्या दुधातूनही बाळाकडे जातं.

जास्त जोखमीची बाकीची बाळं ही. दिवस भरण्याआधी जन्मलेलं आणि कमी वजनाचं बाळ. जुळं. एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ. हृदयात किंवा टाळ्यात जन्मजात दोष असलेलं बाळ. यांच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते : पहिली चाचणी फसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूकडून ग्रंथीला जाणारा टीएसएचचा हुकूम उशिरा सुटतो, म्हणून तिसऱ्या दिवशी आकडा नॉर्मल येतो आणि तिसऱ्या आठवड्यात चढलेला सापडतो. एका वारेवरच्या जुळ्यांत रक्त एकमेकांत मिसळतं, निरोगी भावंडाचं हार्मोन आजारी भावंडाची कमतरता झाकतं. आजारी बाळाला दिलेलं डोपामिन हे औषध टीएसएच दाबून टाकतं. रक्त चढवलं असेल तर तपासणी परक्या रक्ताची होते. म्हणून नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायचा असतो. अशा प्रत्येक बाळाची चाचणी पहिल्यांदा नॉर्मल आली तरी २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा करायची. डाऊन सिंड्रोम असेल तर ६ महिन्यांनी, वर्षानं आणि पुढे दरवर्षी.

मात्र या यादीचा उलटा अर्थ काढू नका. 'आमच्या बाळात यातलं काही नाही, मग चाचणी कशाला?' असं म्हणणाऱ्या घरांतच आजार उशिरा सापडतो. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला ही कमतरता असते आणि त्यातल्या बहुतेकांच्या आई-वडिलांकडे यादीतलं एकही कारण नसतं. चाचणी प्रत्येक बाळाची करायची; कुणाची दोनदा करायची, एवढंच ही यादी सांगते.

तुमचा मुलगा जन्मला तेव्हा छान गुटगुटीत होता, हे तुम्ही लिहिलंच आहे. या आजाराची ९५ टक्क्यांहून जास्त बाळं जन्मताना अशीच दिसतात. आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडं मिळत असतं, ते काही दिवस पुरतं. ते संपलं की हळूहळू खुणा दिसू लागतात : २-३ आठवड्यांनंतरही न उतरणारी कावीळ, घट्ट आणि क्वचित शी, जाडसर घोगरं रडणं, थंड हात-पाय, कोरडी कातडी, मोठी जीभ, फुगलेली बेंबी, मोठी राहिलेली टाळू, दूध पिता पिता झोपणं. 'किती शांत बाळ आहे, रडतच नाही' असं कौतुक होतं त्यातली काही बाळं प्रत्यक्षात थायरॉईडवाचून मंदावलेली असतात. खुणांची वाट पाहिली तर महिने जातात. आणि पहिली २-३ वर्षं मेंदूची वाढ थायरॉक्सिनवरच चालते. पहिल्या २ आठवड्यांत पुरेसा डोस सुरू झाला तर बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच शिकतात, वाढतात. पुढचा प्रत्येक आठवडा काहीतरी हिरावून नेतो.

म्हणून दुसऱ्या बाळाची चाचणी कशी करायची ते नीट समजून घ्या. आपल्या देशात ही चाचणी सगळीकडे आपोआप होत नाही. काही ठिकाणी होते, बऱ्याच ठिकाणी मागावी लागते. तुम्ही आठव्या महिन्यातच, जिथे बाळंत होणार तिथल्या डॉक्टरांना आणि प्रसूती कक्षातल्या सिस्टरना सांगून ठेवा, आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून घ्या : 'पहिल्या मुलाला जन्मजात थायरॉईडची कमतरता. बाळाची टीएसएच तपासणी करणे.'

दोन मार्ग आहेत. पहिला नाळेच्या रक्ताचा. नाळ कापल्यावर वारेकडच्या टोकातून २-३ मिलिलीटर रक्त साध्या ट्यूबमध्ये घेतात. बाळाला टोचावं लागत नाही, आणि २४ तासांत घरी सोडलं तरी नमुना हातात असतो. पण वार एकदा टाकून दिली की ही संधी गेली, म्हणून आधी सांगून ठेवायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ही पद्धत भरवशाची नाही. दुसरा मार्ग टाचेच्या रक्ताचा, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत. टाच कोमट फडक्यानं शेकून तिच्या बाहेरच्या कडेला टोचतात, पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब खास कागदावरच्या गोलांत घेतात. एका गोलात एकच भरघोस थेंब हवा. थेंबावर थेंब ठेवला, टाच पिळून काढली किंवा कागद उन्हात वाळवला की नमुना वाया. कागद सावलीत आडवा ठेवून ३-४ तास वाळवायचा असतो. कागदाची सोय नसेल तर त्याच वेळेला शिरेतून रक्त घेऊन साध्या लॅबमध्ये टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) करता येतं. जास्त जोखमीच्या बाळासाठी हा मार्ग उलट चांगलाच.

जन्मानंतर पहिल्या २४ तासांत मात्र या चाचणीसाठी बाळाचं रक्त घेऊ देऊ नका. पोटातली ऊब सोडून बाहेर आल्यावर बाळाचा टीएसएच अर्ध्या तासात ६० ते ८० पर्यंत उसळतो आणि मग दोनेक दिवसांत उतरतो. निरोगी बाळाचाही. त्या उसळीत घेतलेला नमुना उगीच घाबरवतो.

आकडे कसे वाचायचे? नाळेच्या रक्तात किंवा ४८ तासांनंतरच्या नमुन्यात टीएसएच २० च्या वर, किंवा २४ ते ४८ तासांमधल्या नमुन्यात ३४ च्या वर असेल तर पुन्हा बोलावतात. २० ते ४० च्या दरम्यान असेल तर ७ ते १० व्या दिवशी दुसरा नमुना. ४० च्या वर गेला तर एक दिवसही थांबायचं नाही. लगेच शिरेतलं रक्त घेऊन टी-४ आणि टीएसएच करायचं. शिरेतल्या रक्तात पहिल्या २ आठवड्यांत टीएसएच २० च्या वर, किंवा त्यानंतर १० च्या वर, आणि सोबत फ्री टी-४ १.१७ च्या खाली असेल तर आजार पक्का मानून औषध सुरू करतात. कागदावरच्या थेंबाचा रिपोर्ट काही लॅब संपूर्ण रक्ताच्या हिशेबात देतात. तो आकडा सीरमच्या (गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या पाण्याच्या) आकड्याच्या साधारण निम्मा असतो, म्हणून 'हा आकडा सीरमचा की संपूर्ण रक्ताचा?' हे विचारून घ्या.

सगळ्यात मोठी फसगत छापील रेंजमुळे होते. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची रेंज छापलेली असते. तिसऱ्या दिवसाच्या बाळाचा टीएसएच ७ आला की शेजारी 'जास्त' असा ठळक शिक्का बसतो आणि घर हादरतं. त्या वयाला तो चालतो. उलट बाळाचं फ्री टी-४ ०.९ असेल तर मोठ्यांच्या रेंजमध्ये ते नॉर्मल दिसतं आणि कुणी लक्षच देत नाही. नवजात बाळाला ते कमी आहे. रिपोर्ट नेहमी बालरोगतज्ज्ञांना, बाळाचं वय तासांत किंवा दिवसांत सांगून दाखवा. आणि टीएसएच नॉर्मल असूनही बाळाची साखर वारंवार उतरत असेल, टाळा दुभंगलेला असेल किंवा मुलाचं लिंग फारच लहान असेल, तर फ्री टी-४ केल्याशिवाय विषय सोडू नका. तिथे ग्रंथी नव्हे, मेंदूतला हुकूम देणारा भाग कमी पडत असतो आणि नुसत्या टीएसएचला ते कळत नाही.

रिपोर्ट येऊन पडतो आणि घरापर्यंत पोचत नाही, असंही खूप होतं. दवाखान्याच्या कागदावर नवऱ्याचा मोबाईल नंबर असतो; नवरा उसाच्या फडात, बाळंतीण माहेरी. तुम्ही माहेरचे दोन नंबर लिहून द्या, आईचा आणि भावाचा. रिपोर्ट कोणत्या दिवशी येईल ते विचारा आणि त्या दिवशी भावाला प्रत्यक्ष पाठवा. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. सातव्या दिवशी त्यांना रिपोर्ट दाखवायचाच, असं ठरवून टाका. तुमच्या बाबतीत पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी २ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ पुन्हा करा.

कमतरता निघाली तर औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. स्कॅनसाठी मोठ्या शहरात जायचं असेल तर जा, पण त्यासाठी गोळी थांबवू नका. डोस वजनावर ठरतो : रोज दर किलोला १० ते १५ मायक्रोग्रॅम. ३ किलोच्या बाळाला ३० ते ४५ होतात, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा ३७.५ देतात, म्हणजे २५ ची एक आणि १२.५ ची एक. आजीला हा डोस ऐकून धडकी भरते, कारण मोठ्या माणसाची ५० ची गोळी तिनं पाहिलेली असते. बाळाच्या मेंदूला त्या वयात तेवढं लागतंच. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून आईच्या एक-दोन चमचे दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि लगेच चमच्यानं पाजा. चमच्याला चिकटलेला चुरा पुन्हा थोड्या दुधात कालवून द्या. आठवड्याचं औषध एकदम पातळ करून बाटलीत ठेवू नका, त्याची ताकद राहत नाही. बाटलीभर दुधात टाकू नका, बाळानं अर्धं सोडलं तर डोसही अर्धाच गेला. गुटीत उगाळून नको आणि मधातून तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच देऊ नये. लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर त्यांना ४ तासांचं अंतर. औषध अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर डॉक्टरांना विचारून तोच डोस पुन्हा द्यायचा. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या.

टी-४ साधारण २ आठवड्यांत आणि टीएसएच महिन्याभरात ताळ्यावर यायला हवं. म्हणून रक्त २ आठवड्यांनी, ४ आठवड्यांनी, मग पहिले ६ महिने दर एक-दोन महिन्यांनी. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर द्या. डोस जास्त झाला तर बाळ अस्वस्थ होतं, घामेजतं, शी पातळ होते, वजन वाढत नाही. तसं दिसलं तर गोळी आपल्या मनानं बंद न करता रक्त तपासा.

तुमचं ऊसतोडीला जाणं नेमकं या दिवसांत येतं. शक्य असेल तर यंदाचा हंगाम बाळासोबत माहेरीच काढा, असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. मुकादमाची उचल घेतलेली असेल आणि जाणं टळणार नसेल, तर निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकाच कंपनीच्या घ्या. मध्येच कंपनी बदलली तर तपासणी पुन्हा करावी लागते. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवा. कोपीच्या (फडाजवळच्या झोपडीच्या) छताला लटकवलेल्या पिशवीत त्या तापतात, माठाजवळ ओल धरतात. एका पुठ्ठ्यावर बाळाची जन्मतारीख, वजन, सध्याचा डोस, शेवटचे आकडे आणि पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून रिपोर्टसह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात जाऊन हा पुठ्ठा दाखवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषध आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. पहाटे दोघंही फडात जात असाल तर गोळी द्यायचं काम कोपीत मागे राहणाऱ्या कुणा लहान पोरावर सोडू नका. दिवसातली कोणतीही एक वेळ चालते, रात्री सगळे परतल्यावरचीही. वेळ मात्र रोज तीच ठेवा.

मोठ्याचं बोलणं अजून तुटक आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नका. उशिरा सुरू झालेल्या औषधामुळे ते असू शकतं, पण हार्मोन न बनण्याच्या काही प्रकारांत ऐकूही कमी येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मूल बोलत नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. ऐकण्याची तपासणी, त्यासाठी लागणारी बेरा चाचणी आणि वाचा-उपचार हे त्याच केंद्राचं काम आहे. तिथे सोय झाली नाही तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, म्हणजे घाटी, गाठा. त्यानं ३ वर्षं ओलांडल्यामुळे त्याची गोळी ४ आठवडे थांबवून, रक्त तपासून, आजार कायमचा आहे का हेही आता ठरवता येतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं आणि त्यासाठी तुमचं बाळंतपण उरकेपर्यंत थांबलात तरी चालेल. गळ्याची सोनोग्राफी आणि कानाची तपासणी मात्र थांबवू नका. दोन्ही एकाच फेरीत होत असतील तर नववा महिना लागण्याआधी जाऊन या, म्हणजे प्रवासही तुम्हाला सोसेल.